नळ तुंबला की टाकी रिकामी?

जूनचा दुसरा आठवडा. चंद्रपुरात कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, ते दिवस. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, प्रवेशाचे अर्ज आणि जवळपास प्रत्येक अर्जावर चिकटवायला पासपोर्ट फोटो. अशाच एका दुकानात मी माझ्या कामासाठी गेलो, तर मालक कपाळाला हात लावून प्रिंटरसमोर बसलेला. ट्रेमध्ये आठ फोटोंचा एक कागद पडला होता. वरच्या चार फोटोंतला मुलगा ठीकठाक होता. खालच्या चारांत तोच मुलगा हळूहळू पिवळट-हिरवा होत गेला होता, कावीळ झाल्यासारखा.

"हेड जाम झालं ना भाऊ," मालक म्हणाला. "सकाळपासून आठ वेळा क्लिनिंग मारलं. जेवढं मारतो तेवढं बिघडते."

यातलं पहिलं वाक्य चूक होतं, आणि ते चूक असल्याचा पुरावा त्याच्याच तिसऱ्या वाक्यात होता.

घरातल्या नळाला पाणी आलं नाही तर आपण इतकी घाई करत नाही. आधी तोटीची जाळी काढून बघतो, मग गच्चीवर जाऊन टाकीत डोकावतो, तरी कळलं नाही तर प्लंबर येतो आणि 'लाइनने एअर पकडलाय' असं सांगून शंभर रुपये घेऊन जातो. तोटी तुंबणं आणि पाणी तोटीपर्यंत न पोचणं हे दोन वेगळे आजार आहेत, हे आपल्याला न शिकवता कळतं. प्रिंटरच्या बाबतीत मात्र या सगळ्याला एकच नाव मिळालंय: हेड जाम. आणि एकच औषध: क्लिनिंग. पहिल्या आजारावर ते लागू पडतं. दुसऱ्यावर दिलं, तर रोगी आणखी खंगतो.

हे असं का होतं ते समजायला आधी ती तोटी केवढी असते ते पाहू. इंकजेटच्या हेडवर खालच्या बाजूला सूक्ष्म छिद्रं असतात, ती नोझल. एकेकाचा व्यास साधारण वीस मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. त्यातून उडणारा थेंब दीड ते पाच पिकोलिटरचा. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. तीन पिकोलिटरचा थेंब धरला तर एका मिलिलिटर शाईत असे तेहेतीस कोटी थेंब बसतात. आकडा ओळखीचा वाटेल, पण हा निव्वळ भागाकार आहे.

एवढा बारका थेंब उडवायच्या दोन रीती आहेत. एकीचा उगम अपघातात आहे. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीचे संशोधक इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून लागलं आणि सुईच्या टोकातून शाईची चिळकांडी उडाली. उष्णतेने आत वाफेचा बुडबुडा झाला आणि त्याने शाईला बाहेर ढकललं. त्यातून 'बबल जेट' जन्माला आलं. त्याच सुमारास अमेरिकेत एचपीचे अभियंतेही याच वाटेवर होते. १९८४ साली बाजारात आलेल्या त्यांच्या थिंकजेटला फक्त बारा नोझल होती. या जातीच्या हेडमध्ये प्रत्येक छिद्रामागे एक चिमुकला हीटर असतो. तो काही मायक्रोसेकंदांपुरता तीनशे अंशांच्या आसपास तापतो, बुडबुडा फुगतो, थेंब उडतो, बुडबुडा विरतो, आणि रिकाम्या जागेत नवी शाई ओढली जाते. हे सेकंदाला हजारो वेळा.

दुसरी रीत एप्सनने उचलून धरली. काही स्फटिकांना दाब दिला की त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो, हे झाक आणि पिएर या क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं होतं. इथे त्याच्या उलट करायचं: पिएझो पदार्थाला वीज द्यायची, म्हणजे तो किंचित वाकतो आणि शाईच्या कप्प्याला चिमटा काढतो. इथे उष्णतेचं काम नाही.

दुरुस्तीच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे. हीटरवाल्या हेडचा शत्रू कोरडेपणा. मागे शाई नसताना हीटर तापत राहिला तर तो जळतो, आणि शाईचा थर त्याच्यावर करपून बसला तर थेंब दुबळा होतो. या करपण्याला अभियंते 'कोगेशन' म्हणतात. करपणे या अर्थाच्या जपानी 'कोगेरु'वरून इंग्रजी धाटणीने बनवलेला हा शब्द मला फार आवडतो. स्वयंपाकघरातून थेट प्रयोगशाळेत गेलेला. पिएझो हेडचा शत्रू हवा. कप्प्यात हवेचा बुडबुडा शिरला की चिमट्याचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात खर्च होतो आणि शाई जागची हलत नाही. छिद्र मोकळं, शाई मागे हजर, वीजही येतेय, तरी थेंब नाही. बाहेरून बघणारा म्हणतो, जाम झालं.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण सगळा खेळ तिच्यावर चालतो. छिद्र खाली उघडं असूनही शाई गळत नाही, कारण हेडमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी राखलेला असतो. छिद्राच्या तोंडाशी शाईचा पृष्ठभाग आत ओढल्यासारखा खोलगट राहतो. कार्ट्रिजमध्ये हे काम बहुधा स्पंज करतो. इंक टँकवाल्या यंत्रात टाकी हेडपेक्षा खालच्या पातळीवर ठेवून ते साधतात. गच्चीवरच्या टाकीच्या बरोबर उलट! इथे शाई वर चढते ती हेड ओढतं म्हणून. ही ओढ कमी पडली तर शाई ठिबकते. ओढीला विरोध वाढला, म्हणजे नळीत कुठेतरी अडलं, तर हेड तहानलेलं राहतं आणि शेवटी छिद्रातून उलटी हवा आत घेतं.

बाजारात टाकीवाले प्रिंटर यायच्या आधी आपल्याकडच्या दुकानदारांनी कार्ट्रिजला भोकं पाडून, नळ्या जोडून, बाहेर बाटल्या लावून स्वतःच 'सिस्टिम' बसवायला सुरुवात केली होती. कंपन्यांनी ते पाहिलं. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात पहिला तयार टाकीवाला प्रिंटर आणला. त्या जुगाडू सिस्टिमची बाटली कुणी टेबलावरच्या रजिस्टरवर उचलून ठेवली की रात्रीतून सगळी शाई प्रिंटरच्या पोटात उतरलेली असायची. शास्त्र तेच, फक्त पातळीचं.

आता खरोखर सुकण्याविषयी. पाण्यावर चालणाऱ्या शाईत मोठा वाटा पाण्याचाच असतो. ग्लिसरीन, ग्लायकॉल असले ओलावा धरून ठेवणारे पदार्थ आणि रंग हे उरलेल्यात. पाणी उडालं की छिद्राच्या तोंडाशी दाट, चिकट बूच तयार होतं. हे होऊ नये म्हणून हेड कामावर नसताना उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी काठाच्या एका टोपीवर बसतं. तिला कॅप म्हणतात. बहुतेक लोकांचा घात इथेच होतो. काम संपलं की आपण भिंतीवरचं बटण बंद करतो. प्रिंटर त्या क्षणी छपाईत असेल तर हेड वाटेतच थांबतं, टोपीवर पोचतच नाही. भारनियमनानेही हेच होतं. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वरही जातो, हवा कोरडी ठणठणीत, वर कूलरचा झोत. अशा हवेत उघडं राहिलेलं हेड रविवारच्या एका सुट्टीतही दगा देऊ शकतं. कोकणात तोच प्रिंटर आठवडाभर तसाच पडला तरी निभावून जातो. तिथली तक्रार वेगळी: कागद सर्दावतो आणि शाई फुटते.

सुकलंय की पोचत नाही, हे ठरवायचा पहिला पुरावा म्हणजे नोझल चेकचा कागद. तो काढतात सगळे, वाचतात थोडे. एप्सनसारख्या यंत्रांत त्यावर बारीक रेघांच्या पायऱ्या-पायऱ्यांची जाळी उमटते. त्यातली एक छोटी रेघ म्हणजे एक नोझल. रेघ गायब, तर त्या नोझलने थेंब टाकला नाही. रेघ आहे पण वाकडी, तर छिद्राच्या काठावर काहीतरी चिकटलंय आणि थेंब तिरका उडतोय. पिवळ्या जाळीतल्या फटी पांढऱ्या कागदावर दिसतच नाहीत. म्हातारे डोळे असोत की तरुण. त्याला युक्ती आहे. खोलीतला दिवा मालवायचा, मोबाइलच्या पडद्यावर पूर्ण निळा रंग आणायचा आणि त्या उजेडात कागद धरायचा. पिवळा रंग निळा प्रकाश गिळतो, त्यामुळे पिवळ्या रेघा काळ्या दिसतात आणि तुटलेली रेघ लगेच उठून दिसते.

पण एका कागदावरून निदान करू नका. पाठोपाठ तीन काढा आणि शेजारी-शेजारी ठेवा. फटी तिन्ही कागदांवर नेमक्या त्याच जागी असतील तर ते बूच आहे. सुकलेली शाई जागा बदलत नाही. फटी दर कागदाला जागा बदलत असतील, आधी असलेली रेघ नंतर गेली आणि गेलेली परत आली असेल, तर ती हवा आहे किंवा शाईची टंचाई.

याहून बोलकी परीक्षा म्हणजे एका रंगाचं पूर्ण पान. संगणकावर निव्वळ मॅजेंटाचा, म्हणजे गडद गुलाबी रंगाचा, चौकोन करून ए-फोर कागद भरून छापा, मग सायनचा, म्हणजे आकाशीचा, मग पिवळ्याचा, मग काळ्याचा. नोझल चेकला शाई इतकी कमी लागते की तहानलेलं हेडही तेवढ्यापुरतं वेळ मारून नेतं. भरलेल्या पानावर त्याचं सोंग उघडं पडतं. पान वरपासून खालपर्यंत सारख्याच अंतरावर पांढऱ्या रेघांनी चिरलेलं असेल, तर ती तुंबलेली नोझल. वर गडद, मग फिकं, मग पोपडे निघाल्यासारखं आणि खाली कोरं, तर शाई पोचत नाही. खात्री हवी असेल तर पंधरा-वीस मिनिटं प्रिंटरला हात न लावता बसा आणि तेच पान पुन्हा काढा. वरचा भाग परत गडद आला म्हणजे शाई येतेय, पण हळू येतेय. बूच बसलेलं छिद्र विश्रांतीने मोकळं होत नाही.

पुरवठा अडण्याची कारणं बहुधा फुटकळ असतात. टाकीची पातळी खालच्या खुणेच्या खाली गेलेली असते आणि नळीत हवा शिरलेली असते. नव्या कार्ट्रिजवरची पिवळी पट्टी काढायची राहिलेली असते. ती हवा आत जायच्या वाटेवर असते, आणि हवा आत गेल्याशिवाय शाई बाहेर येत नाही. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार कशी अडखळते, ते आठवा. कधी हेडच्या डोक्यावरचा डॅम्पर, म्हणजे बारीक जाळीचा छोटा कप्पा, गाळाने भरलेला असतो. हा गाळ येतो कुठून? स्वस्त मिळाली म्हणून जुन्या शाईवर दुसऱ्याच जातीची शाई ओतली जाते. डायची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. पिगमेंटची शाई म्हणजे पाण्यात तरंगत ठेवलेले अतिसूक्ष्म कण. दोन्ही एकत्र आल्या की कण एकमेकांना चिकटू शकतात आणि लिंबू पिळलेल्या दुधासारखी शाई नासते. हे झालं तर मात्र नळ्या, डॅम्पर, सगळंच धुवावं लागतं, आणि कधी हेडचाच निरोप घ्यावा लागतो.

क्लिनिंगचं बटण दाबल्यावर आत काय होतं, ते एकदा झाकण उघडून ऐकण्यासारखं आहे. हेड टोपीवर बसतं, खालचा छोटा पंप घरघरतो आणि छिद्रांतून शाई खाली खेचून घेतो. मग रबराचं पातं छिद्रांवरून फिरतं. ताज्या शाईने सुकलेलं बूच भिजतं, सैल होतं, निघतं. तोटी तुंबली असेल तर उत्तम. पण नळीच अडलेली असेल तर पंप खेचणार कुठून? हेडमध्ये उरलीसुरली होती ती शाई तो काढून घेतो आणि तिच्या जागी हवा येते. म्हणून 'जेवढं मारतो तेवढं बिघडते' हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. तुंबलेलं हेड क्लिनिंगने सुधारतं किंवा होतं तसं राहतं. दर खेपेला बिघडत नाही.

काहीच फरक पडत नसेल, तर संशय पंपावर आणि टोपीवर घ्या. टोपीच्या काठाला केस, धागा, कागदाचा कपटा लागला तर ओढ धरत नाही. परीक्षा सोपी आहे: हेड बाजूला सरकवून टोपीतल्या स्पंजावर डिस्टिल्ड वॉटरचे काही थेंब सोडा, क्लिनिंग चालवा आणि पुन्हा बघा. पाणी ओढलं गेलं तर पंप ठीक. साचून राहिलं तर खरं तुंबलंय ते खाली, वर नाही. शिवाय टोपीत साचलेली शाई उलट वर चढून पिवळ्यात काळं मिसळते आणि लोक बाटलीलाच दोष देतात.

बूच खरंच असेल तर क्लिनिंग दोन-तीनदा, त्यापुढे सहा ते बारा तास विश्रांती, मग पुन्हा एकदा. ही विश्रांती आळस नव्हे. तेवढ्या वेळात ताजी शाई सुकलेल्या थराला भिजवते. तरी निघालं नाही तर टोपीत डिस्टिल्ड वॉटर किंवा हेड धुवायचं द्रावण घालून हेड रात्रभर तिच्यावर बसवून ठेवा. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार नवं बूच तयार करतात. ज्या यंत्रांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं, तिथे काम आणखी सोपं: ओल्या, कोमट कापडावर हेडची बाजू काही मिनिटं टेकवून ठेवायची आणि हलक्या हाताने टिपायची. घासायचं नाही.

मेडिकलमधून सिरिंज आणून, सलाइनची नळी जोडून जोराने पाणी मारण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. मीही एकेकाळी तेच केलं. वीस मायक्रॉनचं बूच निघायच्या आधी आतले पातळ पडदे फाटले. दुसऱ्या खेपेला पाणी हेडच्या पट्टीवर, म्हणजे चपट्या केबलच्या खाचेत उतरलं. ते पुरतं वाळायच्या आत मी प्रिंटर चालू केला आणि हेडबरोबर मदरबोर्डही गेला. तेव्हापासून सिरिंज कपाटात आहे.

कधीकधी दोष शाईचा नसतोच. नोझल चेक निर्दोष, तरी छपाईत आडव्या बारीक रेघा येत असतील तर कागद सरकण्यात किंवा अलाइनमेंटमध्ये बघा. अक्षरं दुहेरी येत असतील, हेड कडेला जाऊन आपटत असेल, तर त्याच्या मागून जाणारी पारदर्शक पट्टी पाहा. ही एन्कोडर पट्टी म्हणजे हेडची मोजपट्टी. तिच्यावर शाईचा डाग किंवा ग्रीस लागलं की आपण नेमके कुठे आहोत हे हेडला कळेनासं होतं. ओलसर मऊ कापडाने पुसली की काम होतं, फक्त हुकातून निघू द्यायची नाही.

चंद्रपूरच्या त्या दुकानात मी यातलं फार काही केलं नाही. एवढंच विचारलं, "सकाळी उघडल्यावर फोटोंचा पहिला कागद कसा येतो?"

"पहिला एकदम मस्त येते. दुसऱ्यापासून नाटकं."

"प्रिंटर हलवला होता का कुठे?"

त्याने विचार केला. पंधरा दिवसांपूर्वी नवा काउंटर केला होता. तेव्हा पुतण्याने प्रिंटर उचलून घरी नेला आणि परत आणून ठेवला. टाकीवाल्या सुरुवातीच्या काही प्रिंटरांना बाजूला एक चावी असते. वाहतुकीत शाई सांडू नये म्हणून ती फिरवली की चारही नळ्या चिमटल्या जातात. पुतण्याने नेताना ती आठवणीने बंद केली होती. परत आणल्यावर उघडलीही होती, पण अर्धवट. त्या फटीतून रात्रभरात एका कागदापुरती शाई झिरपत होती. चेहऱ्याच्या रंगाला मॅजेंटा आणि पिवळी जास्त लागते. त्यातली मॅजेंटा आधी संपायची आणि मुलगा हिरवा पडायचा.

चावी पुरती फिरवली. हेडमध्ये शिरलेली हवा काढायला नववं क्लिनिंग मात्र मारावंच लागलं, आणि मग प्रिंटर दुपारभर तसाच ठेवला. संध्याकाळी चारही रंगांची पानं वरपासून खालपर्यंत भरून आली. आधीच्या आठ क्लिनिंगची शाई प्रिंटरच्या तळाच्या पॅडमध्ये जाऊन बसली होती, आणि यंत्र तिचा हिशेब ठेवतं. दिवाळीच्या आधीच 'पॅड भरलं' म्हणून प्रिंटर अडून बसला.